मनगटावरच्या दोन थापा

तांब्यातलं पाणी आज पुन्हा बोटभर खाली गेलं होतं.

सिद्रामनं ज्या कोपऱ्यात जीव सोडला तिथं त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, दिवा आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. तेरावं उलटून गेलं तरी ती तो उचलू देत नव्हती. रोज सकाळी काठोकाठ भरायची आणि दुसऱ्या सकाळी वाकून बघायची. सोलापुरातला वैशाख; उघडं पाणी उडून जातं हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मनकर्णालाही ठाऊक होतं. पण एकदा मनात भीती शिरली की माणसाला ठाऊक असलेलं काही कामाला येत नाही.

कारण सिद्राम पाणी मागत मागत गेला होता.

लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली आणि आवाजही गेला. ओठ आणि डावा हात तेवढे हलत होते. ओठांवर एकच शब्द होता आणि तो घरातल्या सगळ्यांना वाचता आला. हे घर ओठ वाचण्यात तयार होतं. सिद्रामची उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात गेली. शेकडो साचे म्हणजे माग एकदम धडधडत असले की शेजारी उभ्या माणसाची बोंबही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं नुसत्या ओठांनी बोलतात. ही खोड त्यानं घरी आणली. पाहुणे जेवत असताना तो पंगतीतून मनकर्णाला बिनआवाजाचं सांगायचा, ‘आमटीत मीठ न्हाय,’ आणि ती पदरात हसू दाबत मीठ घेऊन यायची. नातीला, मीनाला, नुसते ओठ हलवून विचारायचा, ‘शेंगा?’ की पोरगी थेट त्याच्या खिशात हात घालायची. सूनबाई वच्छला पाठीमागे भाकरी थापत असायची, तिला पत्ताही नसायचा. गिरणीतली पाळी सुटून तो बोळात शिरला की चाळीतली सगळी पोरं त्याच्या धोतराला लोंबकळायची. असा हा माणूस.

आणि आता त्याच्याच घरात त्याची भीती वाटत होती.

तो ‘पाणी’ म्हणायचा म्हणून मनकर्णा चमचा तोंडाशी न्यायची. तो दात घट्ट मिटून घ्यायचा. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळायचं. मग तिच्याकडे बघत पुन्हा तोच शब्द, आणि डाव्या हातानं तिच्या मनगटावर दोन थापा. लवकर दे, लवकर दे. ती रडत पुन्हा चमचा भरायची. असं करता करता तो गेला.

शेजारच्या बजाबाईला तोंड उघडल्याशिवाय अन्न पचत नसे. ती म्हणाली, “घशाखाली थेंब उतरला न्हाय गं. तहानेला जीव हाय. असला जीव घरातल्या ल्हान लेकराला लागतो, मनकर्णे.”

झालं. मीना दिवसभर उन्हात हुंदडायची, तिला तहान लागणार नाही तर काय होणार? पण तिनं पाणी मागितलं की वच्छला आधी त्या कोपऱ्याकडे बघायची. पोरीच्या दंडाला काळा दोरा आला. घरात ‘आजोबा’ हा शब्द बंद झाला. आणि परवा मीनाला ताप भरला. उशीवरून तिनं आजीकडे बघितलं, आवाज न करता ओठ हलवले: ‘पाणी.’

वच्छला किंचाळली. आजोबानंच लाडानं शिकवलेली ती बोली, पण त्या घटकेला मनकर्णाच्याही अंगावर काटा आला.

तेव्हापासून तिच्या लेकाला, महिपतीला, चैन पडेना. त्यानं ठरवलं, उद्या अमावास्या, देवऋषी येईल, उंबऱ्यात खिळा ठोकेल. “आय, तुला वाईट वाटंल. पर पोरीपरीस मोठं काय न्हाय. खिळा ठोकला की आप्पा आत येत न्हाईत.”

मनकर्णाला पोरीची भीती होतीच. पण बाहेर उंबऱ्याशी तहानेनं ताटकळत उभा राहिलेला सिद्राम डोळ्यांसमोर यायचा. हो म्हणावं तर त्याला हाकलायचं. नाही म्हणावं तर पोरीला काही झालं म्हणजे?

त्याच दुपारी ईरप्पा आला. साचेखात्यात सिद्रामच्याच साच्यावर पुढची पाळी करणारा हा दोस्त आता वळसंगला लेकीकडे राहायचा, तिथं त्याला बातमी उशिरा कळली. कानानं पार गेलेला. दारात बसून तो लहान पोरासारखा रडला. मग त्याचं लक्ष तांब्याकडे गेलं.

“अजून पाणी ठिवलंय, वैनी?”

सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून मनकर्णानं नुसते ओठ हलवून सांगितलं. शेवटी सिद्राम काय मागत होता तेही सांगितलं, अगदी त्याच्यासारखे ओठ हलवून.

ईरप्पानं डोळे बारीक केले. “पाणी म्हनाला, का पाळी?”

“आँ?”

“बगा.” त्यानं बिनआवाजाचे दोन शब्द उच्चारले. मनकर्णाला दोन्ही वेळा एकच शब्द दिसला.

“व्हटावर दोनी सारकंच की! म्हनून तितं हाताची खूण लागती. पाणी पायजे तर अंगठा तोंडाला. आन पाळी सपली तर...” त्यानं महिपतीला जवळ बोलावलं, आणि त्याच्या मनगटावर दोन थापा मारल्या.

मनकर्णाचा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला.

“ह्याचा अर्थ,” ईरप्पा सांगत होता, “माजी पाळी सपली, साचा चालू हाय, आता तू बग. साचा थांबवायचा न्हाय. चालता साचाच दुसऱ्याच्या हाती द्यायचा.”

“आन त्या दुसऱ्यानं काय करायचं, भावजी?” तिनं नुसत्या ओठांनी विचारलं.

“उलट थाप द्यायची. ती मिळंस्तोवर पैला गडी जागा सोडत न्हाय. सिद्राम तर कंदीच न्हाय सोडायचा. मला उशीर झाला की तसाच हुबा ऱ्हायचा, उपाशी.”

मनकर्णाला आता आणखीच भीती वाटली, पण ती वेगळी होती. तो तहानेला नव्हता. तो उलट थापेची वाट बघत होता, अजूनही. तो घर सोपवत होता आणि ती त्याच्या तोंडात पाणी कोंबत होती.

ती उठली. कोपऱ्यात गेली. जमीन जिथं रोज सारवून घेत होती तिथं, त्याच्या डाव्या हाताच्या जागी, गुडघे टेकून बसली आणि हळूच दोन थापा मारल्या.

“द्या हिकडं,” ती म्हणाली. “बगते मी. जावा तुमी आता.”

मग तिनं तांब्या उचलला. “आत्या, नगं!” वच्छला ओरडली. मनकर्णा ते पाणी घटाघटा प्याली. चोळीवर पाणी सांडलं, तरी ती थांबली नाही. उरलेलं घेऊन ती मीनाच्या उशाशी आली. वच्छला आडवी आली. मनकर्णानं सुनेच्या मनगटाला धरून तिला बाजूला केलं, रागानं नाही.

“महिपती, देवऋष्याला सांगून ये, येऊ नगंस म्हनावं,” ती म्हणाली. “ह्या घरात आता माजी पाळी हाय.”

मीना आजोबाच्या तांब्यातलं पाणी प्याली. मग आजीकडे बघून तिनं ओठ हलवले: ‘शेंगा?’

मनकर्णानं सिद्रामचा खुंटीवरचा सदरा काढला आणि भीत भीत त्याच्या खिशात हात घातला.