रफूत गाठ मारत नाहीत

मुलीने कोट हँगरवरून काढला, झटकला, पुन्हा अडकवला. डाव्या कोपराजवळ एक बारीक चुणी होती. तिने तळव्याने दाबून ती सरळ केली. हात काढला तशी चुणी परत आली.

आई शेजारच्या खुर्चीत रेलून बसली होती, डाव्या हाताला सलाईन. केमोचं औषध नंतर यायचं होतं. आधी तासभर नुसतं पाणी. गिऱ्हाईक याच रुग्णालयात नोकरीला, म्हणून रफू केलेला कोट आईने सोबत आणला होता.

"काय बघतेस एवढं? जन्मात कधी माझं काम बघितलं नाहीस."

"तुझं काम दिसतच नाही ना कधी."

आई हसली. रफूवालीला याहून मोठी पावती नसते. मग हसू आवरून तिने विचारलं,

"आज दिसतंय?"

मुलीने अस्तर उलटं केलं. वरचं कापड आणि आतलं अस्तर एकाच धाग्यात पकडलं गेलं होतं. धाग्याच्या टोकाला मोहरीएवढी गाठ.

रफूत गाठ मारत नाहीत. टोक विणीतच जिरवायचं. घरातल्या भांड्यांनाही हे पाठ झालं असेल, इतक्या वेळा आईने ते ऐकवलं होतं.

"आई, डोळे मीट."

"कशाला? चॉकलेट देणारेस?"

"मीट तर."

मुलीने तिच्या उजव्या बोटांच्या टोकांवर एक वस्तू ठेवली.

"बटण," आई म्हणाली. थोडं थांबून, "कोटाचं."

ते पेनाचं टोपण होतं.

आईने हात झटकन मागे घेतला, तशी सलाईनची नळी हिंदकळली. पलीकडून सिस्टर ओरडल्या, "काकू, सुई निघाली तर गाठ माझ्याशी आहे हं!"

"घ्या, इथेही गाठच," आई पुटपुटली.

•

फाइलीतलं पान. पहिला डोस, दुसरा, तिसरा.

उलट्या: हो. हो. हो.
ऐकू कमी येतं: नाही. नाही. नाही.
बोटांना मुंग्या, बधिरपणा: नाही. नाही. नाही.

•

"कधीपासून?"

"दुसऱ्या डोसापासून."

"आणि दर वेळी डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलंस?"

"तूच म्हणाली होतीस ना."

"मी?"

"स्वयंपाकघरात. पोळ्या लाटताना."

मुलगी प्रयोगशाळेत हेच औषध बशीतल्या पेशींना देते आणि त्या स्वतःला कशा सांधतात ते बघते. पहिल्या डोसाच्या आदल्या दिवशी तिने आईला तिच्याच भाषेत समजावलं होतं. पेशीत दोन धाग्यांचा पीळ असतो, त्यावर अक्षरं. औषधात प्लॅटिनम असतं. ते एका धाग्यावरच्या शेजारच्या दोन अक्षरांना गाठ मारतं. तिथे धागा वाकतो. गाठी फार झाल्या की पेशी मरते. मग हातातलं लाटणं नाचवत ती म्हणाली होती: गाठ बसली की समजायचं, औषध लागू पडलं.

"नंतर बोटांना असं झालं, जणू टोकाटोकाला कुणी गाठ बांधलीय," आई म्हणाली. "म्हटलं, बसली. बोटांत एवढ्या बसल्या, तर पोटातल्या गाठीत किती बसल्या असतील! काट्याने काटा, तशी गाठीने गाठ."

मुलीने टोपण पेनाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तसं नसतं गं. बोटांतल्या नसांना त्रास होतो, तो वेगळा. मुंग्या जास्त म्हणजे गुण जास्त, असं काही नाही."

"म्हणजे मी उगाच सोसलं?"

"पोटातली गाठ निम्मी झालीय. पण बोटांनी सोसलं म्हणून नाही झाली."

आईने मान खिडकीकडे वळवली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुढे घेत होतं.

"त्या गाठीला रफू येत नाही?"

"काही गाठींची उसवायची कात्री हरवलेली असते. तुझी त्यातली असावी."

"आणि माझ्या चांगल्या पेशींची?"

"शाबूत आहे. धागा कुठे वाकलाय ते चाचपून शोधतात. दोन्ही बाजूंनी कापतात, पंचवीस-तीस अक्षरं सगळीच काढून टाकतात. मग समोरच्या धाग्यावर बघून नवी भरतात."

"बाहेरचं काही जोडत नाहीत?"

"नाही."

"मग ठिगळ नव्हे. रफूच." आईने मान डोलावली, कुणा परक्या कारागिराला पास केल्यासारखी. मग आवाज उतरला. "सांगितलं आणि औषधच बंद केलं तर?"

"बदलतील कदाचित. त्याच जातीचं आणखी एक आहे, बोटांना सौम्य."

"आणि गाठीला?"

"ते मला नाही माहीत, आई. डॉक्टरांना विचारायचं."

•

उलट्या: हो.
ऐकू कमी येतं: नाही.
बोटांना मुंग्या:

डॉक्टरांनी पेन टेकवून ठेवलं होतं. 'नाही'चा 'ना' जवळजवळ लिहूनच झाला होता.

मुलगी कोटाकडे बघत राहिली. हे आईनेच सांगायचं होतं.

"हो," आई म्हणाली. "आणि मागचे दोन 'नाही' उसवा. ते हो आहेत."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. बटणं लावता येतात का, जिना उतरताना पाय कळतात का, सगळं विचारलं. रागावले, पण थोडंच. शेवटी म्हणाले, "औषध बदलू. तुमच्या गाठीवर ते दुसरंही चांगलं चालतं."

"आणि बोटं?"

"बऱ्याच जणांची सुधारतात. महिने लागतात. कधी थोडं राहून जातं. आज सांगितलंत, हे चांगलं केलंत."

जुन्या औषधाची झाकून आणलेली बाटली परत गेली. नवी यायला तासभर होता.

आईने पिशवीतून कात्री काढली आणि मुलीपुढे धरली. मुलीने गाठ कापली.

"नुसती गाठ काढून काय होतं? दोन्हीकडून बोटभर उसव."

"माहितीये."

"माहितीये, पण कात्री धरता येत नाही. काय गं, सहा वर्षं त्या प्रयोगशाळेत करतेस काय?"

"बघते."

"हं. धागा कोटाच्याच आतल्या शिवणीतून ओढ. हळू. नवऱ्याचे केस नाहीत ते."

अर्ध्या तासात चार टाके पडले. आईने कोट डोळ्यांजवळ नेला आणि एकेक टाका मोजल्यासारखा बघितला.

"पोतीसुद्धा याहून बरी शिवतात," ती म्हणाली. दोन टाके तिने उसवायला लावले. दोन ठेवले.

सिस्टर नवी बाटली टांगून गेल्या. पहिला थेंब पडला, दुसरा पडला. आईने डोळे मिटले. झोपली असं वाटलं, तेवढ्यात म्हणाली,

"रविवारी दुकानात ये."

"कशाला?"

"सहा कोट पडलेत. नजर माझी आहे. तू बोटं घेऊन ये."