नग एक, चालू स्थितीत

आमच्या गिरगावातल्या कॉलेजात मी डेड स्टॉक रजिस्टर सांभाळायचो. बाकं, फळे, नकाशे, पंखे यांची वर्षातून एकदा मोजदाद करायची आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर घालायचा, एवढंच काम. पृथ्वीचा गोल एकशे तेरा नंबरला. एकशे चौदा नंबरला चिंतामणराव त्रिलोकेकर. वर्णन : अभ्यास-मार्गदर्शक, नग एक. स्थिती : चालू.

हसू नका. विद्यापीठाच्या लेखी कॉलेजात दोनच जाती, शिकवणारे आणि न शिकवणारे. चिंतामणराव इतिहास शिकवत नसत की गणित शिकवत नसत. अभ्यास करायचा कसा, टिपणं काढायची कशी, उत्तर मांडायचं कसं, हे ते मुलांना शिकवत. म्हणजे प्राध्यापक नव्हेत. फायलींना हात लावत नसत, म्हणजे कारकूनही नव्हेत. मग प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना 'अभ्यासाची साधने' या सदरात घातलं आणि हात झटकले. दर मार्चमध्ये मी रजिस्टर घेऊन त्यांच्या खोलीत गेलो की ते निमूटपणे उभे राहायचे आणि मी खूण करायचो. नंबर मी त्यांच्या खुर्चीवर घातला होता. अंगावर घालायची माझी छाती झाली नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. निवृत्त होण्याआधी प्राध्यापकांच्या मस्टरवर सही करायची. एकदाच का होईना. मला त्या माणसाची कीव यायची आणि कॉलेजचा संताप.

त्यांची शिकवायची तऱ्हा अशी की उत्तर कधी सांगायचं नाही. कागद समोर आला की समासात लाल पेन्सिलीनं लिहायचं, 'का?' कॉलेजचा सगळा कारभार इंग्रजीत, पण हा शेरा मात्र मराठीच. छप्पन्न साली मुलं मोर्चाचे फलक रंगवून कौतुकानं त्यांना दाखवायला आली : 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. चिंतामणरावांनी त्याखालीही 'का?' लिहिलं. मुलं आधी भडकली, मग बसली आणि सात कारणं काढून परत आली. "आता जा," चिंतामणराव म्हणाले. "आता तुम्हाला कोणी गप्प करू शकणार नाही."

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाचं पत्र आलं. त्रिलोकेकरांना अध्यापक म्हणून मान्यता द्यावी की नाही, याचा अहवाल कॉलेजातल्याच एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकानं पाठवावा. काम आलं इतिहासाच्या अच्युत गुप्त्यांकडं. गुप्ते भला माणूस, पण लिहायला बसले की नुसता गोंधळ. त्यामुळं आपला प्रत्येक लेख ते गुपचूप मागच्या जिन्यानं चिंतामणरावांकडं नेऊन तपासून घेत. सवयीनं हा अहवालही घेऊन आले.

"तुमच्यावरच आहे," गुप्ते म्हणाले. "जरा नजर टाका."

"श्री. त्रिलोकेकर हे अत्यंत उपयुक्त गृहस्थ आहेत," चिंतामणरावांनी वाचलं आणि समासात लिहिलं, 'का?'

मी तिथंच पंख्याचा पुसट झालेला नंबर रंगवत होतो. माझा ब्रश घसरला.

आठवड्यानं गुप्ते परत आले. 'कारण मुले त्यांच्याकडे जातात.' चिंतामणरावांनी शेरा मारला, 'मुले इराण्याकडेही जातात.'

"अहो चिंतामणराव," मी हात जोडले, "पास करा आणि मोकळे व्हा. मस्टर तुमची वाट बघतंय."

"माधवराव, माझ्याच नावावर कच्चं काम जाऊ देऊ?" ते माझ्यावर खेकसले. "मग मी गेली वीस वर्षं या पोरांना छळलं कशाला?"

मध्ये हरताळ झाले, कॉलेज बंद राहिलं, पण गुप्ते कामाला लागले होते. परळपासून शिवडीपर्यंत घरोघर फिरून त्यांनी बेचाळीस मुलं गाठली. कोण केव्हा चिंतामणरावांकडं जातं, किती वेळ बसतं, सगळं टिपून आणलं. अहवाल तिसऱ्यांदा आला, चौथ्यांदा आला. प्रत्येक वेळी लाल शेरे कमी होत गेले. गुप्त्यांचं बोलणंसुद्धा नेमकं झालं. चहा मागवतानाही आधी कारण सांगू लागले.

पाचवा खर्डा चिंतामणरावांनी उभ्यानं वाचला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो.

मुलं पहिल्या वर्षी रोज येतात. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी एकही येत नाही, कारण तोवर त्यांना स्वतःच विचार करता येऊ लागतो. म्हणजे त्रिलोकेकरांचं काम उत्तम होतं, आणि उत्तम झालं की त्यांची गरज संपते. ज्याची गरज संपते ते साधन, अध्यापक नव्हे. सबब मान्यता देऊ नये. रजिस्टरातली नोंद योग्य आहे.

लाल पेन्सिल ओळीओळीवरून फिरली. कुठंच टेकली नाही.

"गुप्ते, हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"शब्द न् शब्द." गुप्त्यांचे डोळे भरून आले होते. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सिद्ध केलं मी."

चिंतामणरावांनी खाली लिहिलं, 'उत्तम'. गुप्ते वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांनी सही केलेली स्वच्छ प्रत मी पाकिटात घातली आणि दुपारी विद्यापीठात नेऊन दिली. मला रडू येत होतं, पण अहवालात चूक कुठं आहे ते मलाही सापडलं नव्हतं.

संध्याकाळी चिंतामणरावांना एकटं सोडवेना, म्हणून मुगभाटातल्या त्यांच्या घरापर्यंत सोबत गेलो. त्यांच्या पत्नी यशोदावहिनींनी आमच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता चहा टाकला. चिंतामणराव मात्र एखाद्या बापानं लेकाचा निकाल सांगावा तसे सांगत सुटले. गुप्त्यांनी काय मुद्दा मांडला, कसा पुरावा दिला, कसा शेवट केला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"तिसऱ्या वर्षी कुणीच येत नाही, असं लिहिलंय?"

"एकही नाही. बेचाळीस मुलं तपासली त्यांनी."

"आणि गुप्ते स्वतः किती वर्षं येतायत तुमच्याकडं?"

"अकरा," चिंतामणराव म्हणाले आणि त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मग ते लिहिलंय का त्यात?"

चिंतामणरावांनी माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "माधवराव, पाकीट दिलंत का हो?"

विद्यापीठाची पोच माझ्या खिशात होती. मी ती काढून त्यांच्यासमोर ठेवली.