बकरीच्या गळ्यातली सरी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची सरी आहे. गळ्यात घालायची, भरीव, करंगळीएवढी जाड. मागे मानेवर माझी दोन तोंडं समोरासमोर येतात, पण मिटत नाहीत. त्या तोंडांनी मी आयुष्यात एकदाच चावले. त्याचा मला पस्तावा नाही. वेळ आली तर पुन्हा चावेन.

माझा जन्म वाशिमच्या पेठेतला. कुणा आजीचे तोडे आणि कुणा बाळाचे वाळे एका मुशीत वितळले, त्यातून मला सोनारानं ठोकून ठोकून गोल केलं. मी मेडशीच्या चंपाबाईच्या गळ्यात वाढले. तिची लेक भागिरथा अनसिंगला सासरी निघाली, तेव्हा चंपाबाईनं मला स्वतःच्या गळ्यातून काढून लेकीच्या गळ्यात घातलं. भागिरथेचा आवाज म्हणजे नुसती पहाट. जात्यावर बसली की ती गायची:

*सरी घडविली बाई, वाशिमच्या पेठेत*
*माहेराचं चांदणं, भागिरथेच्या गळ्यात*

सासरी सासू नव्हती. घरात थोरली जाऊ बेबीताई म्हणेल ती पूर्व. भागिरथेचा नवरा इंद्रभान तिच्यापुढे मान वर करत नसे. बेबीताईच्या गळ्यात काळी पोत होती, पण सरी नव्हती. पाणी भरताना, भाकरी थापताना तिचे डोळे माझ्यावरून फिरायचे. नजरेलाही हात असतात, मित्रांनो. मला ते लागायचे.

पुढे दुष्काळ पडला, सरला, आणि भागिरथेला लेक झाली. लेक रांगायला लागली त्या सुमारास मला काहीतरी टोचू लागलं. मानेच्या डाव्या अंगाला, जिथं मी टेकते तिथं, हरभऱ्याएवढी गाठ. दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीकडे बायका बघत नाहीत. त्यांना दुखणाऱ्या गोष्टींनाच वेळ पुरत नाही. हरभऱ्याची गाठ बोराएवढी झाली, तेव्हा ती बेबीताईला दिसली.

"हे काय व? गाठ?" ती म्हणाली. "मी म्हणत नव्हती? भरीव चांदी गार असते. या सरीनंच गाठ धरली. काढ ते पयले!"

मित्रांनो, माझ्यावर आळ आला. मी त्या मानेला लेकीसारखं जपलं होतं, आणि मीच तिची वैरीण ठरले. मला ओरडता येईना. भागिरथेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मला काढलं.

गावात एक सुया टोचणारा होता, लोक त्याला डॉक्टर म्हणत. त्यानं गाठ दुरूनच पाहिली. "गंडमाळ. क्षयाची. रोज सुई घ्या," एवढंच बोलला. झालं! भागिरथेचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. तिला जेवायला एक जर्मलचं, म्हणजे हलक्या पांढऱ्या धातूचं, काठ चेपलेलं ताट वेगळं काढलं. अंगावर पिणारी लेक बेबीताईनं उचलून आपल्या कुशीत नेली. पोर रात्रंदिवस रडली, मग रडायची थांबली. ते थांबणं भागिरथेनं भिंतीपलीकडून ऐकलं.

आणि मी? बेबीताईला मी हवी होते. पण माझ्या गारव्याची भीती तिनंच उठवलेली, आता तिचीच तिला वाटू लागली. मग तिनं काय केलं? अंगणातल्या काळ्या बकरीच्या गळ्यात मला अडकवलं!

"काहून व बाई, बकरीले दागिना?" शेजारची जैतुनबी कुंपणावरून हसली. "लग्न हाय का तिचं?"

"पाहून राह्यली, तिले गाठ येते का," बेबीताई म्हणाली. "नाही आली तं मंग चांदी बाधत नाही."

हिवाळा गेला, उन्हाळा आला. मी लेंड्यांच्या वासात लोळले, कडुनिंबाच्या पाल्यात घासले गेले. भागिरथा खोलीच्या दारातून माझ्याकडे बघायची. रोजच्या सुयांनी तिचे दंड सुजले, पण गाठ तसूभर हलली नाही. बकरी मात्र गुबगुबीत झाली. तिच्या मानेवर तीळसुद्धा उगवला नाही. ती रवंथ करायची आणि मी तिच्या गळ्यात बसून एकच गोष्ट चघळायचे: सूड.

मग भावकीत लग्न निघालं. बेबीताईनं मला बकरीच्या गळ्यातून काढलं, राखेनं घासलं, चिंचेनं उजळलं आणि आपल्या गळ्यात घालून मांडवात मिरवायला निघाली. भागिरथेला मांडवात बोलावणं नव्हतं. क्षयाचं माणूस अन्नाजवळ नको म्हणे.

चंपाबाई मेडशीहून एस.टी.नं आली. आधी तिनं गोठ्याशेजारची खोली पाहिली. लेक पाहिली, चेपलेलं ताट पाहिलं. बकरीची गोष्टही तिनं लेकीच्या तोंडून ऐकली. मग ती पदर खोचून थेट मांडवात आली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

बेबीताईनं घाईनं पदर ओढला. मित्रांनो, हाच तो क्षण. पदराच्या झटक्यानं मी फिरले आणि माझ्या दोन तोंडांत तिची मान धरली. केस, कातडी, जे सापडलं ते!

"अगं माय व! चावली मले!" ती किंचाळली. वाजंत्री थांबली. सगळा मांडव वळून बघू लागला.

"चावू दे," चंपाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "बेबीबाई, मान दाखव. तुले गाठ आली?"

"न... नाही."

"बकरीले आली?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बेबीताईनं मान हलवली.

"मंग माह्या पोरीले सरीनं कशी आणली? सरीनं आणली नाही, तं कायनं आणली? त्या सुईवाल्यानं कधी हात लावून पाह्यलं?" ती इंद्रभानकडे वळली. "जावईबापू, गाडी जुंपता, का मी पोरीले खांद्यावर घेऊन जाऊ?"

इंद्रभान उठला. त्या घरात तो पहिल्यांदाच कुणाला न विचारता उठला. चंपाबाईनं माझी तोंडं उघडली, मला बेबीताईच्या मानेवरून सोडवलं आणि कमरेच्या बटव्यात टाकलं. बेबीताईच्या मानेवर माझे दोन लाल ठसे राहिले. मला ते फार सुंदर वाटले.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती. तिनं गाठ दुरून पाहिली नाही. भागिरथेच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी मान चाचपली, हळूहळू, तांदळातला खडा शोधावा तशी. मग पाणी दिलं. "घोट घ्या. अजून एक." घोटाबरोबर कंठाखाली काही वरखाली होतं का, ते बोटांनी पाहिलं.

"एवढ्या सुया टोचल्या, तरी गाठ विरली नाही, फुटली नाही," ती म्हणाली. "गंडमाळ अशी वागत नाही. ही गाठ काढून दुर्बिणीखाली बघायला हवी."

पाहिली. आणि खरा चोर सापडला! मानेतली गाठ ही त्याची नुसती सावली होती. तो स्वतः पुढे दडला होता, कंठाखालच्या ग्रंथीत, ज्वारीच्या दाण्याएवढा. बाहेरून दिसेना, हाताला लागेना. कर्करोगाचा दाणा. तिथं बसून त्यानं मानेत पिल्लू सोडलं होतं.

चंपाबाईनं मला बटव्यासकट मुठीत धरलं. डॉक्टरीणबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, या जातीचा रोग सावकाश चालतो. आपण त्याला गाठू. पण ग्रंथीला लागूनच आवाजाची शीर असते. आवाजाला धक्का बसू शकतो."

"आवाज गेला तं जाऊ द्या," भागिरथा म्हणाली. "मले माही लेक परत घ्याची हाय."

शस्त्रक्रिया झाली. त्या चोराला चिरून काढलं, तेव्हा मी बटव्यात होते. मला तो बघायचा होता. त्याच्यापायी मी बकरीच्या गळ्यात लोळले होते. पण सुडाचं तेवढं सुख मला मिळालं नाही.

भागिरथा अनसिंगला परतली. गळ्यावर आडवी चीर, रोज घ्यायची गोळी आणि घोगरा, फाटका आवाज. लेकीला हाक मारली, तर लेक त्या आवाजाला घाबरून बेबीताईच्या पदराआड लपली. चंपाबाईनं निघताना मला बटव्यातून काढून भागिरथेच्या मुठीत दिलं होतं. तिच्या मानेची शीर कशी ताठली, ते मला त्या मुठीतूनही कळलं.

जखम भरली तशी तिनं मला गळ्यात घातलं. लेक हळूहळू माझ्याशी खेळायला येऊ लागली, मग मांडीवर बसू लागली. आणि पहाटे जात्यावर, बेबीताईच्या उशापर्यंत पोचेल असा तो फाटका आवाज चढला:

*सरी घडविली बाई, वाशिमच्या पेठेत*
*जावेचे खोटे बोल, जर्मलच्या ताटात*

पोळ्याच्या दिवशी घरभर पंगत बसली. भागिरथेनं सगळ्यांना पितळेची ताटं मांडली. बेबीताईपुढे ठेवलं ते चेपलेलं जर्मलचं ताट. त्यात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. तूप जराही कमी केलं नाही.

बेबीताईचा चेहरा उतरला. "हे... हे काय व?"

"ताट हाय, बाई. सरी घातली, बकरीले काही झालं नाही. यात जेवली, मले काही झालं नाही. तुमालेबी काही होत नाही. जेवा."

इंद्रभान खाली मान घालून जेवत राहिला. कुणी मध्ये पडलं नाही. बेबीताई जेवली. घास गिळताना तिचा कंठ वरखाली होत होता, आणि मी भागिरथेच्या गळ्यातून तो एकेक घोट पाहत होते. दर सणाला तिला तेच ताट मिळतं. आजही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, माफ करावं. करतील ज्यांना जमेल ते. मी चांदी आहे, मला काळं पडता येतं, विसरता येत नाही. माझं मागणं एवढंच. घरात कुणाच्या मानेवर गाठ दिसली, दुखत नसली तरी, तिला हात लावणाऱ्या खऱ्या डॉक्टरकडे न्या. दागिन्यावर आळ घेऊ नका, माणसाचं ताट वेगळं काढू नका, आईपासून लेकरू तोडू नका. आणि काढलंच, तोडलंच, तर जरा मान सांभाळून असा. माझी दोन तोंडं अजून मिटलेली नाहीत.