आला का हातात?

मी एक जुना दोर आहे, बोट धक्क्याला बांधायचा, तीन पेडांचा. मित्रांनो, कारखान्यात मला वळणारा कामगार म्हणाला होता, "हा काही लवकर दगा देत नाही." तेव्हापासून मी जरा ताठच आहे.

मला विकत घेतलं ते एका निवृत्त मास्तरांनी. ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, आपली छोटी बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचे. संध्याकाळी एखाद्या मरीनात, म्हणजे बोटींच्या मुक्कामाच्या जागी, थांबायचे. बोट टेकत आली की बाई टुणकन धक्क्यावर उडी मारत. मास्तर मला त्यांच्याकडे फेकत आणि ओरडत, "आला का हातात?"

"आला हो! सगळ्या बंदराला ऐकवू नका!"

हे भांडण प्रत्येक मुक्कामी ठरलेलं. माझं एक टोक बोटीला, दुसरं बाईंच्या हातात. त्याहून सुखाची जागा मला ठाऊक नाही.

मग मास्तर गेले. बोट नुसतीच बांधलेली राहिली. लेक म्हणाली, "आई, विकून टाकू या. एकटीला कसं झेपणार?"

"एकदा एकटी नेऊन आणते," बाई म्हणाल्या. "जमलं तर ठेवायची."

नेली की! दीपस्तंभाला वळसा घालून झोकात परत आणली. शेजारच्या बोटींवर ओळखीच्या मंडळींचा चहा चालला होता. एकाने कप उंचावला. "वा काकू! जमतंय की!"

"जमतंय," बाई म्हणाल्या. इंजिन बंद करून त्यांनी मला धक्क्याकडे फेकलं, आणि तोंडातून मास्तरांचेच शब्द निघाले, "आला का हातात?"

धक्क्यावर कोणीच नव्हतं. मी फळ्यांवर आपटलो आणि घसरत पाण्यात गेलो. बाईंनी मला ओढून पुन्हा फेकलं. मी पुन्हा पाण्यात. तेवढ्यात वाऱ्याने बोट खांबावर करकरत घासली. तेव्हा कुठे माणसं धावली. तोवर बाई मटकन खाली बसल्या होत्या, मला तसाच ओलाचिंब छातीशी धरून.

"विकून टाक," त्या लेकीला एवढंच म्हणाल्या.

नव्या मालकाने नवा दोर आणला. मी धक्क्याच्या कोपऱ्यात पडलोय, मिठाने कडक झालेला. बाईंची फार आठवण येते.

मित्रांनो, मला गोड्या पाण्याने धुवा, सावलीत ठेवा, असं सांगणार होतो. राहू द्या ते. चहा पिणारी ती माणसं काही वाईट नव्हती. बाई "जमतंय" म्हणाल्या, म्हणून बसून राहिली. तुम्ही फक्त एवढं करा. कोणी एकटं दोर फेकताना दिसलं, तर हातातला कप खाली ठेवा आणि उठा.