उतारावरची आरोळी

अंगठ्याखाली सायकलच्या घंटीची पितळी टोपी गार लागत होती आणि थेल्माला ती वाजवायची नव्हती—वाजवली तर पुढची करडी घोडी दचकणार, न वाजवावी तर तिला चाहूलच लागणार नाही... शेवटी ती उतरली. बदललेल्या खुब्यात कळ आली. घोडी रस्त्याच्या मधोमध पाठमोरी उभी होती, रस्ता जणू तिच्या बापाचा; आणि होताच तिच्या बापाचा, या रानात चाक मागाहून आलं. "आले गं बाई, मीच आहे," थेल्मा साध्या आवाजात म्हणाली आणि लांबून, गवताच्या कडेनं सायकल ढकलत निघाली. घोडी आणि तिच्या शिंगराच्या मधून कधी जायचं नाही, हे तिनं गावातल्या निम्म्या पोरांना दटावून शिकवलं होतं. पण या घोडीजवळ शिंगरू नव्हतंच.

त्या दुपारला वीस दिवस झाले. खुबा धड होता तोवर, चाळीस वर्षं, शरदातल्या हाक्याला ती घोड्यावर असायची—रानभर मोकळी चरणारी तट्टं काटेरी झुडपांतून पिटाळत कोंडवाड्यात आणायची, ज्याच्या त्याच्या जनावराची शेपटी कातरून खूण करायची, पुन्हा सोडून द्यायची. मग गेल्या वर्षी खुबा गेला. डॉक्टर म्हणाला, घोडा विसरा बाई, हवं तर सायकल चालवा. सायकल! जन्मभर जिला शिव्या घातल्या ती. त्या दिवशी उतारावर कानांत वारा शिरला, खाली आठ-दहा तट्टं पाठमोरी चरत होती, आणि तोंडातून आपसूक आरोळी फुटली, हाक्याचीच, पोटातून आलेली. तट्टं उधळली, ती त्यांच्यामागे... ब्रेक लावायचं सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. जनावरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीशी एक शिंगरू घसरलं, पण उठलं. मी पाहिलं उठताना. पाहिलं ना मी?... संध्याकाळी कळलं, त्याचा पाय मोडला होता, गोळी घालावी लागली.

मागून नोएलची जीप हळूहळू आली आणि शेजारी थांबली. घोडी त्याची. शिंगरूही त्याचंच.

"काय महाराणी, घोडा दमला?"

"घोडा ठणठणीत आहे. महाराणीच दमली."

तो हसला, आणि खिडकीतून एक कागद पुढे केला. "सही कर. रानात तंबू टाकणाऱ्या कॅम्पवाल्यांच्या सायकली या वाटेवर बंद. ते लाल टोप्यांचे बाप आणि पोरगी होते ना, त्यांचंच काम. त्याच दुपारी इकडून गेलेले दिसलेत."

"ते काय म्हणतात?"

"म्हणणार काय! पोरगी रडत होती, आम्ही उतरून चालत गेलो म्हणे. चोर कधी कबूल करतो? तुझी सही असली की रानाच्या समितीत कुणी चूं करायचं नाही. अगं, सगळे तुझ्यासारखे सायकल चालवते तर..." त्यानं घोडीकडे मान वळवली. मग म्हणाला, "दूध आटलं तिचं."

थेल्मानं पेन घेतलं. सांगायला असं कितीसं लागतं—ती आरोळी माझी. नोएल ओरडेल, हिवाळाभर बोलणार नाही, मग एखाद्या सकाळी दारात सरपण टाकून न सांगता निघून जाईल. त्याला ती ओळखत होती, त्याची भीती नव्हती. पण तो विचारेल, ब्रेक का नाही लावलास? आणि याचं खरं उत्तर एकच... त्या अर्ध्या मिनिटात तिच्या मांडीखाली पुन्हा घोडा होता. इतका आनंद तिला वर्षभरात झाला नव्हता, आणि तो झालाच नाही असं तिला आताही म्हणवत नव्हतं. ती पोरगी कुठेतरी घरी बसून अजून सांगत असेल, आम्ही खरंच चालत गेलो.

"पेन चालत नाही का गं?"

"चालतंय." तिनं कागद सही न करताच त्याच्या हातात परत दिला. "नोएल, इंजिन बंद कर जरा."

त्यानं केलं. कडेला सरकलेली घोडी गवत तोडत असल्याचं ऐकू येऊ लागलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, अजून हसऱ्या चेहऱ्यानं. आता सांगायचं हे ठरलं होतं, लाज होती तिथेच होती. फक्त सुरुवात कुठून करावी ते तिला कळेना... शिंगरापासून, की त्या आनंदापासून.