कानस चावेना

जर्मन आमच्या मोराव्हियात आल्यापासून कारखान्यात फक्त त्यांच्याच बंदुका होतात. बोल्ट तपासणं माझं काम. बोल्ट म्हणजे गोळीमागचं दार. त्याने दगा दिला तर स्फोट झाडणाऱ्याच्याच तोंडावर. त्यावर कानस फिरवायची; पोलाद कडक असेल तर ती घसरते, मऊ असेल तर चावते. हल्ली ती चावत होती आणि मी मुकाट्याने पसंतीचा शिक्का मारत होते. कारण त्या पोलादाला पाणी देऊन ते कडक करणारा माझा भाऊ, व्हेंडेलीन. तो मुद्दाम पाणी कमी देत होता. उघडकीला आलं तर तो फासावर आणि पाठोपाठ मी.

परवा नवा साहेब आला. आधी चाचणीसाठी बंदूक शिकंज्यात अडकवून भिंतीआडून दोरीने झाडत. याचा फतवा निघाला की कामगारानेच ती खांद्याला लावून झाडायची. "आपल्या कामावर भरवसा आहे ना?" मेल्याचं डोकं मात्र तल्लख!

काल सगळ्यांचे हजेरीचे बिल्ले टोपीत टाकून त्याने एक उचलला. निघाला बंदुकांचे लाकडी दस्ते घासणारा म्हातारा प्रोकोपकाका. त्याला आमच्या उद्योगाचा पत्ताही नव्हता. बंदूकही साहेबानेच निवडली.

"चला, बायकोला सांगायला काहीतरी झालं," काका हसला.

व्हेंडेलीन पुढे आला. "ठेवा काका. खांदा निखळला तर दस्ते कोण घासणार? मी झाडतो, साहेब."

"एवढी हौस? झाड मग. मी थांब म्हणेपर्यंत."

तो झाडत राहिला. मी एकेक बार मोजत होते. मग बोल्ट अडला. मऊ पोलाद दबलं होतं, हे तिथे आम्हा दोघांनाच कळलं. साहेबाने मान वळवली. व्हेंडेलीनने तळव्याचा तडाखा देऊन बोल्ट उघडला.

"नवी नवरी आहे साहेब, लाजते."

साहेब खो खो हसला. "बस. उद्या म्हाताऱ्याची पाळी. मग रोज कुणीतरी."

कालच्या बंदुका संध्याकाळीच आगगाडीत चढल्या. घरी जाताना व्हेंडेलीनने विषय काढला.

"क्वेता, उद्या काका आहे."

"मग रे?"

"मग काय? पुरतं पाणी देतो."

 मला त्याचा राग आला आणि हायसंही वाटलं.

आज सकाळी त्याने बोल्टची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि तिथेच उभा राहिला. मी कानस फिरवली. घसरली. दुसऱ्यावरही घसरली.

"चावते?"

"नाही."

दुपारी काकाने बंदूक झाडली. काहीच झालं नाही. खांदा चोळत तो सगळ्यांना सांगत सुटला, "आपल्या पोरांचं काम, बघा!" साहेबाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या, वाजवाव्याच लागल्या.

मग मी टेबलापाशी परतले. या बंदुका आता कुणाच्या तरी पोरांवर नीट चालतील. मी कानस जोर देऊन घासली, फार जोर देऊन. ती घसरतच राहिली.