अनंताच्या कुंडीतलं मीठ

चैत्राचं ऊन पठारावर उतरलं होतं. पांढरं, कोरडं, निर्दय ऊन. क्षितिजापर्यंत काळी माती भेगाळलेली, आणि त्या मातीवर वारा, नुसता वारा.

सुहास तांडेल समुद्र शिकला होता. खारफुटीची श्वासमुळं, चिखलातले शिंपले, भरतीचं गढूळ, जीवभरलं पाणी. पोटासाठी मात्र तो बार्शीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत आला. माती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची, तिच्यातलं मीठ मोजायचं. गावोगावची माती, पिशव्यापिशव्यांतली माती, मुकी माती.

आज त्याने घरची माती आणली होती. बायकोने, हेमांगीने, वेंगुर्ल्याहून माहेरच्या अनंताचं रोप आणून गच्चीतल्या कुंडीत लावलं होतं. पौषात ती गेली. तेव्हापासून तो न चुकता पाणी घालत होता, आणि एकेक पान काठाने करपत होतं. तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

मातीत पाणी ढवळलं. गढूळ निवळलं. मीठ मोजायच्या यंत्राची कांडी बुडवताच आकडा चढला, चढत राहिला. खाजणातल्या, भरतीच्या पाण्यानं खारवलेल्या मातीचा आकडा, इथे, या निर्जल मुलखात!

संध्याकाळी गच्चीवर शेजारच्या शकीलाभाभींनी त्याची बादली पाहिली.

"भाऊ, बोअरचं घालताय होय? त्या पाण्यानं आमच्या तोट्या पांढऱ्या झाल्या!"

"मग ती कुठलं घालायची?"

"प्यायच्या हंड्यातलं. स्वतःच्या वाटचं, तांब्याभर. टँकर चुकला तरी." त्या हसल्या. "अन् म्हणे तुम्ही समुद्र शिकलात!"

तो खाली गेला. हंडा घेऊन वर आला.

"अहो, सगळं ओतलं तर रात्री पिणार काय?"

"मीठ धुवून निघायला एवढं लागतंच, भाभी."

"बरं, ओता. माझ्याकडची कळशी आणते."

तांबूस उजेडात गोडं पाणी मातीत शिरलं. मुळांशी थांबलं, मुळांशी घुटमळलं, आणि कुंडीच्या तळातून तपकिरी, मंद, पाझरू लागलं. त्याने बोट ओलं करून जिभेला लावलं. खारट.

पुन्हा ओतलं. पुन्हा चाखलं. खारट, थोडं कमी खारट.

आकाश विझत गेलं, हंडा हलका होत गेला. तापलेल्या फरशीवरून ओल सरकत राहिली, आणि त्याच्या जिभेवर उरली नुसती माती, नुसतं पाणी.